पावसाच्या पाण्याचं काम: फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा



बागकाम, लँडस्केपिंग करणारे बरेच जण आता पावसाच्या पाण्याच्या कामातही उतरायचं म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोणतं सर्टिफिकेट घेऊ?" कामाचं काय, भांडवलाचं काय, गिऱ्हाईक कुठून येणार, हे सगळं नंतर!

आज माझं मत सरळ सांगतो. त्या सर्टिफिकेटला किंमत कोण देणार आहे ते आधी बघा, मगच खिशात हात घाला.

जिथे असं सर्टिफिकेट खरंच चालतं, तिथलं उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. सहा राज्यांतलं आणि राजधानी वॉशिंग्टनचं पाणी वाहत तिथे येतं. हे पाणलोट क्षेत्र जवळपास 1 लाख 65 हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या निम्म्या महाराष्ट्राहून मोठं. पाऊस पडला की शेतातली, हिरवळीवरची खतं, रस्त्यावरची घाण आणि माती धुऊन खाडीत जाते. खतांमुळे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे-खेकड्यांचे हाल होतात. शेवटी डिसेंबर 2010 मध्ये तिथल्या केंद्रीय पर्यावरण खात्यानं नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ किती येऊ द्यायचा याची मर्यादा ठरवून दिली. मग राज्यांना हातपाय हलवणं भागच पडलं.

त्यावरचा एक उपाय म्हणजे पाणी पडतं तिथेच अडवून जिरवायचं. अंगणात उथळ खोलगट बाग करायची, छपराचं पाणी तिच्यात सोडायचं. तिला ते 'रेन गार्डन' म्हणतात. पण हे करणार कोण? गवत कापणारे, झाडं लावणारे छोटे ठेकेदारच! त्यांना शिकवण्यासाठी 'चेसापीक बे लँडस्केप प्रोफेशनल' हे सर्टिफिकेट निघालं. त्याची सक्ती नाही. दोन पातळ्या आहेत. आखणी, बांधणी आणि देखभाल, तिन्ही शिकवतात. सर्टिफिकेट टिकवायचं तर पुढेही शिकत राहावं लागतं.

आता नीट लक्ष द्या. या कागदाला वजन आलं ते त्यामागे मागणी उभी होती म्हणून. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत घरमालकानं अंगणात असं काम केलं की 'रेनस्केप्स' योजनेतून काही खर्च परत मिळतो. वॉशिंग्टन शहरातही 'रिव्हरस्मार्ट होम्स' नावाची अशीच मदत आहे. सरकारी पैसा आला म्हणजे काम नियमात बसलं पाहिजे. मग घरमालक जाणकार माणूसच शोधतो. नियम, पैसा आणि गिऱ्हाईक आधी, सर्टिफिकेट त्यांच्या मागोमाग. हा क्रम विसरू नका.

आपल्याकडे काय आहे? राज्याच्या 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला रेनवॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे. पुण्यासारख्या महापालिका मिळकत करात सवलतही देतात. म्हणजे मागणी आहे, पण अर्धवट. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत सगळ्यांना त्या खड्ड्याची आठवण असते. त्यानंतर किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना तो कुठे आहे हे सांगता येईल? जाळीवर पालापाचोळा, फिल्टरमध्ये गाळ आणि पाणी सरळ गटारात!

माझ्या मते तुमचा धंदा इथेच आहे. नवा खड्डा एकदाच होतो, देखभाल दरवर्षी लागते. हिशोब सेक्रेटरींना सोपा करून सांगा. 100 चौरस मीटर गच्चीवर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला 80 टक्के हाती लागला, तर 56 हजार लिटर पाणी होतं. टँकरचं बिल भरणाऱ्याला यापुढे फार सांगावं लागत नाही.

"मग सर, शिकायचंच नाही का?" असं मी म्हणत नाही. उलट या कामात अर्धवट ज्ञान महागात पडतं. गच्चीवरचं घाण पाणी न गाळता बोअरवेलमध्ये सोडलं तर जमिनीखालचं पाणी बिघडतं, आणि ते शेजाऱ्याच्या बोअरलाही भोवू शकतं. इमारतीच्या पायाला चिकटून खड्डा घेतला तर ओल येते. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. तिथे परदेशी व्हिडिओ बघून केलेल्या बागेचं डबकं होतं आणि डास होतात. म्हणून आधी फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. साचलेलं पाणी एक-दोन दिवसांत जिरलंच पाहिजे. हे ज्याला येत नाही, त्यानं भिंतीवर दहा सर्टिफिकेटं लावली तरी उपयोग शून्य.

तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी हे तीन प्रश्न विचारा:

1. हे सर्टिफिकेट कोणत्या निविदेत, कोणत्या यादीत किंवा कोणत्या गिऱ्हाइकाकडे मागितलं जातं? एक तरी कागद दाखवा म्हणावं.
2. परीक्षा प्रत्यक्ष जागेवर, माती हातात घेऊन होते, की ऑनलाइन टिचक्या मारून?
3. देखभाल शिकवतात का? दोन वर्षांनी पुन्हा उजळणी आहे का?

तिन्ही उत्तरं पटली तर खुशाल भरा. नाही पटली तर तेच पैसे मोजपट्टीत, चांगल्या गवंड्याच्या मजुरीत आणि पहिल्या कामात घाला.

आणि स्वतःचं सर्टिफिकेट स्वतः तयार करा. प्रत्येक कामाचे तीन फोटो ठेवा: कामाआधीचा, भर पावसातला आणि पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी घेतलेला. सोबत तारीख आणि पाणी जिरायला लागलेला वेळ लिहा. अशी पाच कामांची वही सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवा. कोटेशनमध्ये वर्षाच्या दोन फेऱ्या लिहा, एक पावसाळ्याआधी आणि एक नंतर.

उद्या आपल्याकडेही पालिका म्हणेल की प्रशिक्षित माणसाकडूनच काम करून घ्या. तसं व्हायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी रांगेत पुढे कोण असेल? ज्याच्याकडे वही तयार आहे तो.

या पावसाळ्यात एक तरी खड्डा उघडून बघा, स्वतःच्याच सोसायटीतला का असेना. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!