वहीतले अण्णा

आमच्याकडे हिशोबाची वही स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली असते. ज्याने खर्च केला त्याने लिहायचा, ही सासूबाईंपासूनची पद्धत. मध्यंतरी तिच्यात सुनेच्या अक्षरात एक ओळ दिसली : 'अण्णांना रु. ८,०००.'

आमच्या घरात अण्णा म्हणजे माझे यजमान. त्यांच्या हातात तर आठ रुपयेही पडले नव्हते. "माझ्या औषधपाण्याचा खर्च माझ्या नावावर मांडायला लागलात होय?" एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. मी सुनेला काही विचारलं नाही, पण मनात नको ते येऊन गेलं. तीन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज.

चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "अत्ते, माझं काही चुकलं का?" मी वही पुढे केली. ती बघतच राहिली. सूनबाई धारवाडची, तिच्या कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ! माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिच्या भावाने ऐनवेळी पैसे भरले होते, तेच तिने परत केले होते.

धाकटा बेंगळूरला कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. सुट्टीला आला तेव्हा हे ऐकून म्हणाला, "आई, कुठलं नाव कुठल्या हद्दीत कुणाचं, याचा घोळ आमच्याकडेही होतो." आणि त्याने गूगलमध्ये जन्मलेल्या 'गो' या भाषेची हकिगत सांगितली.

"समज, तीन घरी दिवाळीचा फराळ पोचवायचाय. तू पाटीवर पहिल्या घराचं नाव लिहिलंस आणि एका पोराला सांगितलंस, 'निघताना पाटी वाच आणि जा.' मग ते पुसून दुसरं नाव लिहिलंस, दुसऱ्या पोराला तेच सांगितलंस. मग तिसरं. पोरं निघाली सगळं झाल्यावर. तिघंही तिसऱ्याच घरी!"

यादीतल्या एकेका नावासाठी काम करताना 'गो'मध्ये पाटी अशी एकच असे. जाणकार दर फेरीला एक जादा ओळ लिहून हाताने नवी पाटी घेत. विसरलं की घोटाळा. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था वेबसाइटना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं फुकट देते. २०२० साली तिथे हेच झालं. अनेक नावं एकेकदा तपासायची, तर प्रोग्रामने एकच नाव अनेकदा तपासलं. तीस लाखांवर प्रमाणपत्रं त्यात सापडली.

"मग नियमच बदलायचा, दर फेरीला नवी पाटी!" मी म्हटलं.

"तिथंच अडलं होतं ना! २०१२ साली पहिली आवृत्ती काढताना त्यांनी शब्द दिला होता, की आज लिहिलेले प्रोग्राम पुढेही तसेच चालतील. पाटी एकच आहे हे धरून कुणी काही लिहिलं असेल, तर ते एका रात्रीत बिघडायचं."

वाट मोठी साधी निघाली. प्रत्येक कामाबरोबर एक छोटी फाइल असते, आणि हे काम 'गो'च्या कुठल्या आवृत्तीचं, तो आकडा तीत लिहिलेला असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ ही आवृत्ती आली. फाइलीत १.२२ किंवा त्यापुढचा आकडा असेल तर दर फेरीला नवी पाटी. मागचा आकडा असेल तर जुनीच एक पाटी. वाचणारा तोच, पण आधी आकडा बघतो आणि मग अर्थ लावतो. त्याआधी ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये ज्याला हवा त्याला नवा नियम लावून बघायची सोय होती. गंमत म्हणजे नव्या नियमाखाली काही चाचण्या नापास झाल्या. त्या यादीतलं शेवटचंच उदाहरण पुन्हापुन्हा तपासत होत्या आणि आजवर पास होत आल्या होत्या.

"नव्या नियमाने चूक केली नाही आई, असलेली दाखवली," तो म्हणाला. ते वाक्य मला लागलं. वहीतल्या त्या ओळीनेही माझ्या मनातलं दाखवलंच होतं.

थोरल्याचं मत, सगळ्या वह्यांत 'अण्णा' खोडून 'बाबा' लिहू. मी माळ्यावरची सासूबाईंची वही काढली. तिच्यात पानोपानी अण्णा आहेत, पण ते त्यांचे थोरले दीर! खोडाखोड केली असती, तर त्यांचं देणं-घेणं सगळं यजमानांच्या नावावर चढलं असतं.

जुन्या वह्यांना आम्ही हात लावला नाही. नवी वही आणली. यजमानांनी पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं : 'या वहीत घरचे ते बाबा, धारवाडचे ते अण्णा.' खाली सुनेने तेच कन्नडात लिहिलं. पुढे नातवंडं वाचतील तेव्हा त्यांनी आधी हे पान बघावं.

"वहीत बाबा चालेल," यजमान तिला म्हणाले, "हाक मात्र अण्णाच मार."

त्या दिवशी मी धारवाडला फोन केला. डोळा बरा आहे, हे त्या अण्णांना सांगायचं राहूनच गेलं होतं.