बौद्धवाडा हे जातीचे नाव नव्हे

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० रोजी वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. यादीत महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली ही नावे होती आणि त्यांच्याच रांगेत बौद्धवाडाही होता. बदल्यात समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णयाचे स्वागत आपण केले, करायलाच हवे होते. पण त्या एका शब्दावर आपल्यातले फार थोडे बोलले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेले नाव जात सोडण्याचे नाव आहे. ते महारवाड्याच्या शेजारी बसवले की त्याचा अर्थ एकच होतो : बौद्ध म्हणजे महारच. गाव तसे म्हणत असेल, गावाची जीभ आपल्याला ठाऊक आहे. शासनाने गावाची जीभ का उसनी घ्यावी? काही मित्र म्हणतात, बौद्धवाडा म्हटले की वस्ती कुणाची ते कळतेच, मग फरक काय? अहो, भीमनगर म्हटल्यावर कळत नाही का?

अमेरिकेत असाच प्रश्न आला. तिथे शेकडो डोंगर, ओढे, दऱ्या यांच्या नावात 'स्क्वॉ' हा शब्द होता. तिथल्या मूलनिवासींच्या काही भाषांत त्याचे मूळ 'स्त्री' असे आहे. गोऱ्यांच्या तोंडी तो मूलनिवासी बाईला द्यायची शिवी झाला. १९६० चे हिवाळी ऑलिंपिक झाले ते ठिकाणही स्क्वॉ व्हॅली. २०२१ मध्ये अंतर्गत खात्याच्या मंत्री डेब हालँड यांनी, ज्या स्वतः मूलनिवासी आहेत, हा शब्द काढण्याचा आदेश दिला आणि २०२२ मध्ये सुमारे ६५० ठिकाणांची नावे बदलली. जमातींशी सल्लामसलत करून. 'महार' शब्दाचेही तसेच. शिवी शब्दाच्या मुळात नसते, उच्चारणाऱ्याच्या तोंडात असते. म्हणून ज्याला शिवी बसली, त्याला नवे नाव ठरवू द्यायचे असते. आपल्याकडे नावांचा तयार संच वरून आला.

आणि जागा? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत गावे नव्या जागी, नव्या आखणीने वसली. गावकूस मोडायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. घरे मात्र जमिनीच्या मापाने वाटली : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्यावर ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूमिहीन कोण, हे लातूरकरांना सांगायला नको. जुन्या गावातली पायरी नव्या गावात सिमेंटची झाली. तिला समतानगर म्हटले काय नि क्रांतीनगर म्हटले काय.

म्हणून नाव क्षुल्लक, असे कुणी म्हणू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड जिल्ह्यात वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले. तेव्हा जाळणाऱ्यांपैकी कुणीही 'नावात काय आहे' असे म्हणाले नाही. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, मिळाला तो नामविस्तार. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये बाबासाहेबांच्या नावाखालून निघाली. स्वामी रामानंद तीर्थांबद्दल आदर आहे, नांदेडला विद्यापीठ हवेच होते. पण ज्या जिल्ह्याने नावासाठी रक्त दिले, त्याच्या पोरांच्या पदवीवर ते नाव नाही.

तेव्हा ग्रामसभेत ठराव येईल त्या दिवशी वस्तीतल्या बायाबापड्यांसह सगळ्यांनी जा. नाव वस्तीने सुचवायचे, सरपंचाने नव्हे. टेंभुर्णीच्या आसपासच्या गावांत पोचिराम कांबळेनगर का नसावे? मांगवाड्याचे नाव मातंग बांधव ठरवतील, आपण नाही. आणि त्याच कागदावर रस्ता, नाली, स्मशानभूमीची वाट लिहून घ्या. ग्रामसेवक म्हणेल, विषय वेगळा आहे. नाही, तोच आहे.