बाई, ते धडकत कसं नाही?

मंडळी, परवा जेवणं आटोपून गॅलरीत बसले होते. खांबावरच्या दिव्याभोवती पतंग घिरट्या घालत होते. एक वटवाघूळ झपकन आलं आणि त्याच क्षणी एका पतंगाने दगडासारखं स्वतःला खाली टाकलं. वटवाघूळ रिकाम्या तोंडी गेलं. मला मात्र आमची सातवी 'ब' आठवली.

१९७८ साल असावं. मी मराठीची बाई, पण विज्ञानाचे सर रजेवर म्हणून त्या तासाला मला धाडलं होतं. "वटवाघूळ आंधळं असतं," असं मी ठोकून दिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, मग ते रात्री तारेला धडकत कसं नाही?" मला उत्तर येत नव्हतं. "फार शहाणा आहेस, बस खाली!" वर्ग हसला. वर्षभर त्या पोराने पुन्हा हात वर केला नाही.

मुळात वटवाघूळ आंधळं नसतंच. वडापिंपळावर लटकणारी मोठी, फळं खाणारी वटवाघळं तर डोळ्यांवर आणि नाकावरच भिस्त ठेवतात. किडे खाणाऱ्यांबद्दल मात्र त्या मुलाचाच प्रश्न १७९३ साली इटलीत स्पालांझानींना पडला होता. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी केले (वाचवत नाही!), तरी ती बिनचूक उडाली. मग जिनिव्हाच्या ज्यूरिननी कान बंद केले, तेव्हा ती धडकू लागली. म्हणजे हे काम कानांचं! पण माणसाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. थट्टा झाली. पॅरिसच्या क्युव्हिएंसारख्या बड्या विद्वानांनी ही पंखांच्या स्पर्शाची करामत ठरवली आणि लोकांनी ती मानली.

पुढे १९३८ साली हार्वर्डमध्ये ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने आपल्याला न ऐकू येणारे आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर वटवाघळं नेली. यंत्र बोलू लागलं! आपला कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. वटवाघळांच्या बहुतेक हाका त्याच्या वरच्या. त्यांचा प्रतिध्वनी ऐकून ती वाट आणि भक्ष्य शोधतात.

आणि तो पतंग? अमेरिकेत केनेथ रोडर यांनी दाखवलं की काही पतंगांना छातीच्या दोन्ही बाजूंना कान असतात आणि एकेका कानात ऐकण्याच्या पेशी अवघ्या दोन. हाक मंद, म्हणजे शत्रू लांब. तोंड फिरवून निघायचं. हाक मोठी, म्हणजे तो जवळ; गिरक्या घ्यायच्या नाहीतर सरळ खाली पडायचं. दोन पेशींत जीव वाचतो!

माझं मत स्पष्ट आहे. शिक्षकाला, आईवडिलांना, आजीआजोबांना "मला माहीत नाही, आपण शोधू" असं म्हणता आलं पाहिजे. स्पालांझानींनाही सगळं उत्तर मिळालं नव्हतं, पण त्यांनी प्रश्नाला खाली बसवलं नाही. मी बसवलं. उत्तर तेव्हा गावच्या वाचनालयातसुद्धा सापडलं असतं, पण मला माझा मान सांभाळायचा होता.

तो मुलगा आता साठीला आला असेल. भेटला तर सांगेन, "बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. बाई चुकल्या."

असो. तुमच्याही घरात कुणी असा प्रश्न विचारत असेल, तर त्याला उभं राहू द्या.