वय ३५ च्या आत

भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडच्या गेटवर पाटी लागली आहे: ‘टूलरूमसाठी अनुभवी माणूस पाहिजे. वय ३५ च्या आत.’ मंगळवारी ती वाचली, तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. टूलरूमच्या कामात हात बसायलाच दहा-बारा वर्षं जातात. म्हणजे अनुभव हवा, पण तो अंगी मुरतो ते वय नको!

आमच्या एका शेजाऱ्यांसाठीच मी ती पाटी थांबून वाचली. ते ५२ वर्षांचे आहेत. कारखान्यानं एक लाइन बंद केली आणि त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. कागदोपत्री त्यांना कुणी काढलेलंच नाही.

कपात झाली तर कायद्यानं कामगाराला नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई मिळते. राजीनामा दिला की तो हक्क गेला. ठरावीक पगाराच्या वरचा सुपरवायझर तर त्या कायद्यात बसतच नाही. पीएफची पेन्शन पूर्ण मिळते ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षं आधी, त्या दर वर्षामागे चार टक्के कायमचे कापले जातात. पोरांच्या शिक्षणाचा आणि घराच्या हप्त्यांचा सगळ्यात जड काळ नेमका या आठ वर्षांत येतो.

नोकऱ्या लावून देणाऱ्या एका मुलानं त्यांना सल्ला दिला: केस काळे करा आणि बायोडेटातली पहिली बारा वर्षं काढून टाका. मला याचा फार राग आला. त्याच बारा वर्षांत हा माणूस घडला. प्रेसमधून निघालेल्या पार्टच्या कडेवरून ते नख फिरवतात, बर (कापल्यावर कडेला राहणारी खरखर) कुठल्या बाजूला जास्त आहे ते बघतात आणि डाय कुठे झिजली ते सांगतात. मोजमाप नंतर होतं आणि तेच निघतं. हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नाही. ज्यांच्याकडून शिकले ते उस्ताद तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. आज ट्रेनी आणि कंत्राटी पोरं स्वस्तात मिळतात म्हणून मालक खूश आहेत, पण त्या पोरांना शिकवणार कोण?

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मामा सुरक्षारक्षक आहेत. ते पूर्वी फिटर होते, हे मला या आठवड्यात कळलं. समोरच्या इमारतीचे रात्रपाळीचे मामा टर्नर होते. आपण रोज ज्यांच्यापुढून गाडी नेतो, त्यांच्यातल्या कितीजणांच्या हातात असं कसब आहे, हे आपण कधी विचारतच नाही. २००५ च्या कायद्यानुसार खासगी सुरक्षारक्षक वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत काम करू शकतो. बारा-बारा तास दारात उभं राहायला पासष्टीपर्यंत चालतं, आणि डाय दुरुस्त करायला पस्तिशीनंतर चालत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

शेजाऱ्यांनी आमच्या गेटवरच्या मामांना विचारलंच, “तुमच्या एजन्सीत घेतील का हो मला?” मामा म्हणाले, “घेतील की, उद्याच घेतील. पण साहेब, एवढ्यात येऊ नका. बारा तासांची ड्युटी झाल्यावर मुलाखतीला जायला वेळ राहत नाही, ताकदही राहत नाही. मी म्हटलं होतं, चार महिने करू. आता सहावं वर्ष चालू आहे.” मग त्यांनी तळवड्यातल्या एका वर्कशॉपवाल्याचा नंबर दिला. तिथं डाय दुरुस्तीचं काम रोजावर मिळतं, आणि मालक स्वतःच साठीचे आहेत.