जंतूंचे ठसे एकाच वहीत हवेत

पोलीस खाते गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे जपून ठेवते हे आपल्याला माहीत आहे. ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांनी ठशांची वर्गवारी बसवण्यात मोठा वाटा उचलला. त्यामुळे हजारो कागदांतून हवा तो ठसा चटकन शोधता येऊ लागला. वर्गवारी नसती तर ते सगळे कागद रद्दीतच गेले असते.

रोगजंतूंचेही असे ठसे घेता येतात. दोन रुग्णांतले एकाच जातीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसतात, पण त्यांच्या डीएनएमध्ये बारीक फरक असतात. हा डीएनए एका एन्झाइमने ठरावीक जागी कापतात, तुकडे जेलीसारख्या थरात ठेवतात आणि दिशा बदलत विजेचा प्रवाह सोडतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. शेवटी आडव्या पट्ट्यांचे एक चित्र मिळते. दोन रुग्णांची चित्रे जुळली, तर दोघांना एकाच ठिकाणाहून लागण झाली असावी असा दाट संशय घ्यायला जागा असते.

या ठशांचे महत्त्व अमेरिकेला १९९३ मध्ये पटले. जॅक इन द बॉक्स या हॉटेलांतील अर्धवट भाजलेल्या मांसाच्या टिक्क्या खाऊन चार राज्यांत सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. रुग्णांतले ई. कोलाय जंतू आणि मांसातले जंतू एकच आहेत, हे ठशांवरून दिसले. पण सगळीकडचे नमुने एका केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवून वाट पाहायची, तर तोवर आणखी लोक आजारी पडतात. म्हणून १९९६ मध्ये चार राज्यांच्या प्रयोगशाळा आणि तेथील केंद्रीय रोग नियंत्रण संस्था यांनी मिळून पल्सनेट नावाची सामाईक नोंदवही सुरू केली.

मला यात यंत्रांपेक्षा शिस्तीचे कौतुक अधिक वाटते. बाजार समितीत दोन काटे दोन वजने दाखवू लागले तर काय होते, ते शेतकऱ्यांना सांगायला नको. तसे होऊ नये म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने एकच पद्धत पाळायची, आणि रुग्णाच्या जंतूशेजारी दर वेळी एकच ओळखीचा जंतूही तपासायचा असे ठरले. साल्मोनेला ब्रॅन्डरप जातीचा हा जंतू एच ९८१२ या क्रमांकाने ओळखला जातो. शिक्का मारलेले वजनच म्हणा ना! तंत्रज्ञांची परीक्षा घेतली जाते, ठशांना नावे एकाच पद्धतीने दिली जातात. आणि महत्त्वाचे म्हणजे, जी प्रयोगशाळा या वहीत लिहिते तिला ती वाचताही येते. २०१९ पासून तिथे पट्ट्यांच्या चित्रांऐवजी जंतूचा संपूर्ण डीएनए वाचतात. साल्मोनेलात त्याची अक्षरे सुमारे ४८ लाख भरतात. तंत्र बदलले तरी वही सामाईकच राहिली.

हे सारे शिरपूरच्या वाचकाला कशाला सांगायचे? आपला तालुका नकाशावर पाहा. मुंबई-आग्रा महामार्ग दारावरून जातो. पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. पूर्वेला चोपडा म्हणजे जळगाव जिल्हा, पश्चिमेला शहादा म्हणजे नंदुरबार जिल्हा. समजा, थाळनेरला लग्न आहे. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठली, वऱ्हाडी आपापल्या गावी गेले. दोन-तीन दिवसांत दोघे चोपड्याला सलाईनवर, तिघे सेंधव्याला, एक धुळ्याला, बाकीचे घरीच ओवा-मीठ खात बसलेले. प्रत्येक डॉक्टरला जुलाबाचे दोन-तीन रुग्ण दिसतात, आणि उन्हाळ्यात ते रोजच दिसतात. साथ आली हे कोणालाच कळत नाही, कारण ती तीन तालुक्यांत आणि दोन राज्यांत वाटली गेलेली असते.

देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आहे. एका गावात वीस रुग्ण एकदम निघाले, तर त्या व्यवस्थेचा फार उपयोग होतो. पण विखुरलेली साथ नुसत्या आकड्यांत दिसत नाही, तिथे ठसाच लागतो.

जानेवारी २०२५ मधली पुण्याची साथ अनेकांना आठवत असेल. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत हातापायांतली शक्ती जाणारे जीबीएसचे रुग्ण सापडू लागले आणि एकूण आकडा दोनशेवर गेला. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. बोट विहिरीच्या पाण्याकडे आणि पोल्ट्रीकडे दाखवले गेले. आता अडचण अशी की, हा आजार जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी उद्भवतो. तोवर शौचातला जंतू बऱ्याचदा नाहीसा झालेला असतो. माणूस, विहीर आणि कोंबडी यांच्यातले नाते ठामपणे जोडायचे, तर जुलाबाच्याच दिवसांतला जंतू हाती हवा आणि तुलनेला आधीचे ठसे वहीत हवेत.

आपल्याला हे झेपणार नाही, असे मला वाटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोरोना विषाणूसाठी इन्साकॉग हा प्रयोगशाळांचा गट दहा प्रयोगशाळांनी सुरू केला आणि पुढे त्यात पन्नासहून अधिक प्रयोगशाळा आल्या. मग टायफॉइड, कॉलरा, जुलाबाच्या जंतूंसाठी राज्यातल्या सर्व प्रयोगशाळांची एक वही का नसावी?

खरी अडचण आपल्या दवाखान्यांत आहे. ताप आला की विडाल. ही तपासणी १८९६ ची! ती रक्तातली प्रतिद्रव्ये पाहते, जंतू नाही. आपल्या भागात धडधाकट माणसाचीही विडाल पुष्कळदा पॉझिटिव्ह येते. आणि जंतूच हाती नाही, तर ठसा कशाचा घेणार? रक्ताच्या कल्चरमध्ये दहातल्या पाच-सहा टायफॉइड रुग्णांतच जंतू सापडतो, हे खरे आहे. त्याला दिवस लागतात, पैसेही जास्त लागतात. तरीही ठसा मिळण्याची शक्यता तिथेच आहे, आणि कोणते अँटिबायोटिक लागू पडेल तेही तिथेच कळते. अँटिबायोटिक सुरू केल्यावर कल्चर पाठवणे म्हणजे चोर पळाल्यावर कुलूप लावणे.

दुसरी भीती बदनामीची. गावाचे नाव जाईल, हॉटेल बंद पडेल, लॅबला नोटीस येईल. ठशासोबत रुग्णाचे नाव द्यावे लागत नाही, गाव, वय आणि तारीख पुरते. आणि लपवून काय मिळते? २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला. नेपाळमधल्या रुग्णांचे जंतू तुलनेला मिळाले, म्हणूनच दोन्हीकडचे जंतू जवळजवळ एकच असल्याचे २०११ मध्ये सिद्ध करता आले. त्या साथीत हजारो माणसे मेली. तेथील संयुक्त राष्ट्रांच्या छावणीतून नदीत गेलेल्या घाणीची चर्चा त्याशिवाय अफवाच ठरली असती.

माझे मागणे साधे आहे. खासगी लॅबमध्ये निघालेला जंतू फेकून न देता धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचावा. ठसा राज्याच्या वहीत जावा आणि ती वही धुळे, जळगाव, नंदुरबारला वाचता यावी. तिचा धागा मध्य प्रदेशाशी आणि गुजरातशीही जोडलेला असावा, कारण आपले मजूर, ट्रक आणि सोयरेधायरे तिकडेच जातात.

तोवर घरात जुलाबाबरोबर ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर पहिली अँटिबायोटिक गोळी घेण्याआधी स्वच्छ, कोरड्या डबीत नमुना घेऊन त्याच दिवशी लॅबमध्ये द्या. पंगतीनंतर एकाहून अधिक माणसे आजारी पडली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. उरलेले अन्न कोणी खाऊ नये, पण आरोग्य सेवक येईपर्यंत ते फेकूही नका, झाकून थंड जागी ठेवा.