पिल्लासाठी ‘पुरेसे’ अन्न म्हणजे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांविषयीचा अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलला. दिल्ली परिसरातील कुत्री सरसकट निवारागृहांत न ठेवता, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत. रस्त्यावर वाटेल तेथे त्यांना खाऊ घालू नये. त्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा राखून ठेवाव्यात, असे ठरले. त्यानंतरच्या वादात कोठे, केव्हा आणि कोणी खाऊ घालावे याचा पुष्कळ ऊहापोह झाला. काय खाऊ घालावे, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. पिल्लाच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असतो.

आपल्या राज्यकारभाराला कुत्रा दिसतो तो मारावा की मारू नये या वादापुरता. जून १८३२ मध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने हरताळ पाळला, दंगल झाली. तेव्हाही भांडण मारण्याचे होते, पोसण्याचे नव्हते. पोसणे ही घराची बाब होती. श्राद्धाच्या पंचबळीत कुत्र्याचा वाटा ठरलेला असे आणि उत्तर भारतात आजही पहिली पोळी गाईला, शेवटची कुत्र्याला, असा रिवाज आहे. शहरात ती चौकट मोडली. तिची जागा बिस्किटाच्या पुड्याने घेतली.

पिल्लू म्हणजे लहान मापाचे कुत्रे नव्हे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाटू लागते आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत आईच्या दुधावाचून राहू शकते. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश दुपटीहून अधिक, तर दुग्धशर्करा कमी असते. म्हणून कळवळ्याने पुढे केलेली गाईच्या दुधाची वाटी अनेकदा हगवणीला निमंत्रण देते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेची मानके जगात अनेक ठिकाणी आधाराला घेतली जातात. त्यांनुसार वाढत्या पिल्लाच्या खाद्यात पाण्याचा अंश वगळून किमान २२.५ टक्के प्रथिने आणि १.२ टक्के कॅल्शियम हवे. प्रौढ कुत्र्यासाठी हेच प्रमाण १८ आणि ०.५ टक्के आहे. मैदा, साखर आणि तेलाचे बिस्किट यांपैकी काहीच देत नाही. भूक तेवढी मारते.

सुस्थित घरांतली चूक उलट दिशेची असते. तेथे कॅल्शियमची भुकटी चमच्याने ओतली जाते. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाचे शरीर जादा कॅल्शियम शोषून घेणे थांबवू शकत नाही आणि हाडे वेडीवाकडी वाढतात. नुसते हाडाविना मांस दिले तर कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ होतात. पोळी-भाताला नावे ठेवण्याची फॅशनही मला पटत नाही. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. माणसाच्या सहवासात त्याचे आतडेही बदलले. खरा धोका भातात नाही, कांदा-लसणाची फोडणी दिलेल्या उरल्यासुरल्या आमटीत आहे. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हीदेखील कुत्र्याला विषवत.

आता कायद्याकडे वळू. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार पाळलेल्या प्राण्याला ‘पुरेसे’ अन्न न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला ‘पुरेसे’ या शब्दाची महती ठाऊक असते. जे मोजायचे नसते तेथे तो लिहिला जातो. दंड वाढवणारा मसुदा २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, तो पुढे सरकला नाही. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली, ही जमेची बाजू. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा भर मात्र जागेवर आणि वेळेवर आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने, प्रवेशद्वारे टाळा.

बाजारातील पुड्याची अवस्था याहून चमत्कारिक. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळले. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक तयार केले, पण ते ऐच्छिक. वजन आणि किंमत छापणे सक्तीचे, आतील प्रथिने खरी की खोटी याची चौकशी कोणाच्याच टेबलावर नाही. करवसुलीत मात्र विसर पडलेला नाही. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला तेव्हा गुरांचे खाद्य करमुक्त राहिले आणि कुत्र्याचे पाकीटबंद खाद्य १८ टक्क्यांच्या गटात गेले.

ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली आहेत, तेथे पिल्लाच्या प्रथिनांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप वजनदार आहे. पण २०१९ च्या पशुगणनेत भटकी कुत्रीच सुमारे १.५३ कोटी भरली. त्यांना लोक खाऊ घालतच आहेत, हा पैसा मुलांच्या ताटातून वळवलेला नाही आणि तिकडे जाणारही नाही. तोच पैसा बिस्किटाऐवजी उकडलेल्या अंड्यावर खर्च झाला तर पिल्लू सुदृढ होते. शिवाय रोज एकाच जागी खायला येणारे पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजच्या लशीसाठी हाती लागते. या शेवटच्या गोष्टीत त्या प्रभागातील शाळकरी मुलांचाही जीव गुंतलेला आहे.

मानक ब्युरोचे मानक सक्तीचे करावे आणि ‘वाढीच्या वयासाठी’ की ‘प्रौढासाठी’ हे पुड्यावर ठळक छापायला लावावे. यासाठी नवा कायदा नको, अधिसूचना पुरेल. खाद्यस्थळांसाठी तर तेवढीही नको. महापालिकेच्या पशुवैद्यकाने एक फलक लिहावा: तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा, मऊ भातात अंडे किंवा शिजवलेले मांस, मीठ-मसाला, कांदा-लसूण नाही, शेजारी स्वच्छ पाणी, आणि खाली लसीकरणाचा वार.