विज्ञानाची चर्चा भाड्याच्या घरात किती दिवस?

जुलै २०२४ मध्ये ‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम बंद पडले. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट गेले, एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस गेले. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना विनाशुल्क मिळणारी विदा काढून घेतली. प्रत्येक निर्णयामागे त्या त्या कंपनीची व्यावसायिक कारणे होती आणि ती तिच्या दृष्टीने रास्तही असतील. परंतु तेथे लिहिणाऱ्या लाखो लोकांना या निर्णयात काडीचाही वाव नव्हता. घर भाड्याचे होते, मालकाने ते रिकामे करून घेतले.

विज्ञानाच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नाही. जुलै २०२३ मधील एलके-९९ चे प्रकरण आठवून पाहा. सामान्य तापमानाला अतिवाहकता दाखवणारा पदार्थ सापडल्याचा दावा दक्षिण कोरियातील एका गटाने केला. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील संशोधकांनी तो पदार्थ तातडीने बनवून पाहिला आणि आपल्या नमुन्यात अतिवाहकता आढळत नसल्याचे काही दिवसांतच जाहीर केले. त्यांचा लेख अर्काइव्हवर सुरक्षित आहे. परंतु त्या दिवसांत जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये जो वादविवाद झाला, ज्या शंका निघाल्या आणि फिटल्या, आलेख आणि चित्रफिती तपासल्या गेल्या, त्याचा मोठा भाग खासगी समाजमाध्यमांवर घडला. विज्ञान प्रत्यक्ष कसे घडते याचा हा दुर्मीळ दस्तऐवज उद्या कोणाला वाचायला मिळेल की नाही, हे कोणतेही विद्यापीठ किंवा ग्रंथालय ठरवत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, विज्ञानसंस्थांनी आणि महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनी आपापले छोटे समाजमाध्यम-सर्व्हर स्वतः चालवावेत. ‘त्यासाठी यंत्रणा कुठून आणायची?’ ही सबब टिकत नाही, कारण अडगळीच्या खोलीतला वीस वर्षांपूर्वीचा संगणकही हे काम करू शकतो.

यासाठी लागणारे तंत्र तयार आहे. ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केला. त्याची कल्पना ईमेलसारखी आहे. माझी पेटी माझ्या संस्थेच्या सर्व्हरवर, तुमची तुमच्या संस्थेच्या सर्व्हरवर. तरीही आपण एकमेकांचे लेखन वाचू शकतो, त्यावर उत्तर देऊ शकतो. मॅस्टोडॉन हे या कुटुंबातले सर्वांत परिचित नाव. मात्र मॅस्टोडॉन वजनदार आहे. डेटाबेस, रांगा सांभाळणाऱ्या प्रक्रिया असा मोठा संसार त्याच्यामागे असतो आणि त्याला निदान दोन गिगाबाइट स्मृती लागते. याउलट ‘गोटूसोशल’ काहीशे मेगाबाइटांत भागवते. ‘स्नॅक’ हा सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम तर डेटाबेसही वापरत नाही. प्रत्येक टिपण साध्या फायलीत ठेवतो. नेटबीएसडी या कार्यप्रणालीची २०२४ मध्ये आलेली दहावी आवृत्ती अजूनही ३२-बिट पेंटियमवरच नव्हे, तर १९८० च्या दशकातल्या मोटोरोला ६८०३० सारख्या प्रक्रियकांवरही चालते. जगभरचे हौशी लोक असे प्रोग्राम जुन्या यंत्रांवर चढवून पाहतात, त्याचे कारण हेच आहे.

या उद्योगाकडे केवळ छंद म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. जुने यंत्र हे मोजमापाचे उत्तम साधन आहे. आजच्या संगणकात एवढी शक्ती असते की कोणत्या कामाला किती श्रम पडतात ते दिसतच नाही. संथ यंत्रावर ते उघडे पडते.

एक अंदाज करून पाहू. मराठीतले पाचशे अक्षरांचे टिपण युनिकोडमध्ये साठवायला सुमारे दीड किलोबाइट पुरतात, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. हे ओझे नगण्य आहे. खरा भार त्याच्या पाठवणीत आहे. तुमचे वाचक तीनशे वेगवेगळ्या सर्व्हरांवर असतील, तर टिपण तीनशे ठिकाणी पोचवावे लागते आणि प्रत्येक पाठवणीवर सामान्यतः २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीने स्वतंत्र सही करावी लागते. सहीत मुक्कामाचे नाव येत असल्याने एकच सही सर्वत्र चालत नाही. अशी एक सही करायची तर १०२४ बिटांचे दोन घातांक काढावे लागतात. प्रत्येकात सुमारे बाराशे मोठे गुणाकार, आणि त्या प्रत्येक मोठ्या गुणाकारात ३२ बिटांचे साधारण दोन हजार छोटे गुणाकार. एकूण जवळजवळ पन्नास लाख गुणाकार.

मोटोरोला ६८०३० ला एका गुणाकाराला, वाचणे-साठवणे धरून, सत्तरेक चक्रे लागतात असे मानू. २५ मेगाहर्ट्झ वेगाने एका सहीला दहा-पंधरा सेकंद लागतील. तीनशे सह्यांना एक तास तरी हवा. पाचशे मेगाहर्ट्झच्या पेंटियम-३ वर तीच सही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते, म्हणजे तीनशे सह्या अर्ध्या मिनिटात. आजच्या साध्या लॅपटॉपला एका सहीला एक मिलिसेकंदही पुष्कळ होतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, १९८९ चा संगणकही संवादात भाग घेऊ शकतो, फक्त त्याचे पत्र तासाभराने पोचेल. दुसरी, १९९९ च्या सुमाराचा संगणक एका विभागाच्या पन्नास-शंभर लोकांच्या लेखनाला पुरेसा आहे. विज्ञानाच्या संवादाची मूळ गरज किती लहान आहे, हे त्या यंत्राइतके स्पष्टपणे कोणी सांगणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप विजेचा. पेंटियम-४ च्या पिढीतला टेबलावरचा संगणक सहज १०० वॅट घेतो. तो वर्षभर अखंड चालवला तर ८७६ युनिट जळतात. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला सहाशे किलोंच्या वर. नवा लॅपटॉप बनवताना साधारण दोनशे ते तीनशे किलो उत्सर्जन होते. तेव्हा जुना संगणक वापरणे म्हणजे पर्यावरण राखणे, असे सरसकट म्हणता येत नाही. शिकण्यासाठी तो महिनाभर चालवा; कायमच्या सेवेसाठी जुना लॅपटॉप किंवा पाच वॅटवर चालणारा रास्पबेरी पायसारखा लहान संगणक बरा. जे सॉफ्टवेअर पेंटियम-३ वर चालते, ते तेथे आरामात धावते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जुने यंत्र आणि जुनी कार्यप्रणाली या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. आपल्या प्रयोगशाळांमध्ये एखाद्या जुन्या उपकरणाच्या कार्डापायी विंडोज ९८ किंवा एक्सपीचा संगणक अजूनही जपलेला असतो. तो इंटरनेटला कदापि जोडू नये. परंतु त्याच वयाच्या दुसऱ्या यंत्रावर आजची, दुरुस्त्या मिळत असलेली कार्यप्रणाली चढवता येते. हे दालनही हळूहळू अरुंद होत आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पेंटियम यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकली. शिवाय बारीकसारीक अडचणी असतात. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि मग प्रमाणपत्रे ‘अद्याप वैध नाहीत’ असे ठरते, आपल्या सह्या इतर सर्व्हर नाकारतात. सुरक्षित संवादात काळाचे अचूक मापन किती मूलभूत आहे, हे विद्यार्थ्याला यातून जितके पटेल तितके पाठ्यपुस्तकातून पटणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हे सांभाळणार कोण? युरोपीय संघाच्या विदा संरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल २०२२ मध्ये ‘ईयू व्हॉइस’ हा मॅस्टोडॉनवर आधारित प्रयोग सुरू केला. मे २०२४ मध्ये तो बंद झाला. यंत्रे कमी पडली नव्हती. पुढे जबाबदारी घेणारी संस्था मिळाली नाही. आपल्याकडे तर माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार असा सर्व्हर चालवणाऱ्यास तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. अपशब्द, बदनामी, छायाचित्रांचा गैरवापर या तक्रारी कोणीतरी माणसानेच वाचाव्या लागतात. एखादा उत्साही विद्यार्थी सर्व्हर उभारतो, पदवी घेऊन निघून जातो आणि सर्व्हर अनाथ होतो, असा शेवट सहज होऊ शकतो. भाड्याच्या घरात निदान झाडलोट मालक करतो. स्वतःच्या घरात ती आपणच करायची असते.

पण हा आक्षेप मान्य केला की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. पैसा आणि यंत्रे यांची अडचण उरत नाही. उरतो तो प्रश्न जबाबदारीचा, आणि जबाबदारी घेणे संस्थांना अशक्य नसते. ग्रंथालयाला ग्रंथपाल असतो, प्रयोगशाळेला सहायक असतो. सर्व्हरच्या देखभालीचे काम कोणाच्या तरी नेमून दिलेल्या कामात धरले, त्याला त्याचे श्रेय दिले आणि विद्यार्थी बदलले तरी पद कायम राहिले, तर सर्व्हर टिकेल. सुरुवात फक्त विभागातील सदस्यांपुरती करावी. बाहेरच्यांना खाती देण्याची घाई करू नये. तसे केले तर तक्रारींचा भारही विभागाच्या आवाक्यात राहतो.

हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परंतु १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पाने मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी यांना जोडण्याचे काम त्याआधीच हाती घेतले होते. त्या काळातल्या शास्त्रज्ञांनी ईमेलचे सर्व्हर स्वतः उभारले, ते बिघडले तर स्वतः दुरुस्त केले, आणि त्यांची यंत्रे आजच्या कोणत्याही मोबाइलपेक्षा दुबळी होती. आज अनेक संस्थांचे ईमेलसुद्धा परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. सोय झाली हे खरे. पण ते कौशल्य आपल्या हातून सुटत चालले, हेही तितकेच खरे.

विद्यार्थ्यांना माझे सुचवणे साधे आहे. विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने निर्लेखनाच्या यादीतला एक संगणक मागून घ्या. त्यात नवा सेल घाला, नेटबीएसडी चढवा, विभागाच्या अंतर्गत जाळ्यात स्नॅक चालवा. एका टिपणाला किती सेकंद लागतात, किती वॅट जातात, ते मोजून वहीत लिहा. घरच्या जोडणीवर हे करू पाहाल तर बहुधा सार्वजनिक आयपी पत्ताच मिळणार नाही, म्हणून संस्थेचे जाळे हवे. महिनाभराने तो आकड्यांचा तक्ता घेऊन विभागाच्या बैठकीत जा आणि कायमच्या छोट्या सर्व्हरची मागणी करा. मागणीसोबत देखभालीची जबाबदारी कोणाकडे राहील, हेही लिहून द्या. माझ्या मते त्या अर्जातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच असेल.